तळमजला नसलेला किल्ला

पूर आला की आमच्या इमारतीतली माणसं देवासारखी वागतात. पूर ओसरला की चार दिवसांत पुन्हा पहिल्यासारखी होतात. मी हे रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. राग तसा शिळा झालाय, दिवाळी जाऊन उन्हाळा आला, पण उतरायचं नाव नाही. जिन्यात कुणी भेटलं की मी हसते, "काय, बरंय ना?" म्हणून विचारते आणि घरात येऊन भांडी आदळते. नवरा म्हणतो, "भांड्यांनी काय केलंय?" बरोबर आहे. भांड्यांनी काहीच केलेलं नाही.

आम्ही बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतो, तळमजल्यावर. घर घेतलं तेव्हा नदी कुठे दिसत नव्हती. बिल्डरच्या माणसाने खिडकी उघडून हिरवळ दाखवली, वारा दाखवला, नदीचा विषय काही काढला नाही. पहिल्या मोठ्या पावसात तिने स्वतःच घरात येऊन ओळख करून दिली. तेव्हापासून आमच्याकडे काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. कागदपत्रं माळ्यावर. फ्रिज विटांवर. गाद्या बांधायची दोरी दारामागच्या खिळ्याला. आणि पावसाने दम घेतला नाही की चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे चढायचं. काकूंनी कधी "या" म्हटलं नाही आणि आम्ही कधी "येऊ का" विचारलं नाही. दार उघडं असतं, आम्ही जातो.

गेल्या पावसाळ्यात पाणी खिडकीच्या गजांपर्यंत आलं. आम्ही आणि आमच्या समोरच्या दारातलं कुटुंब, दोन्ही संसार काकूंच्या हॉलमध्ये. ही समोरची माझ्यापेक्षा थोडी लहान, तिचा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात. काकूंनी मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. दुसऱ्या मजल्यावरून पापड आले, तिसऱ्यावरून मेणबत्त्या. सोसायटीचे सेक्रेटरी, आम्ही त्यांना काका म्हणतो, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस, पिण्याच्या पाण्याच्या कळश्या स्वतः उचलून वर आणत होते. मी समोरचीच्या पोराला भरवलं, तिने माझ्या पोरीची वेणी घातली. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी या सगळ्यांचा अभिमान वाटला होता.

पाणी उतरलं आणि चिखल राहिला. ज्यांच्या घरात पुराचा चिखल कधी आला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. शेतातल्या मातीसारखा तो नसतो. त्याला गटाराचा, डिझेलचा, मेलेल्या कशाचातरी वास असतो, आणि तो दाराच्या बिजागरीत, स्विचबोर्डात, पोळपाटाच्या पायांत जाऊन बसतो. आम्ही तो आधी फावड्याने काढला, मग खराट्याने, शेवटी चमच्याने. जे वाचलं नाही ते गेटबाहेरच्या ढिगावर गेलं. गाद्या, वह्या, प्लायवूडचं कपाट, देवघराचा पाट. माझ्या मुलीचा खेळण्यांचा डबा पलंगाखाली होता, तो झाकणासकट वाहून गेला. त्यात तिचे ठोकळे होते, रंगीत प्लास्टिकचे, एकावर एक दाबून बसवायचे. तिला दुसरं काही खेळायचंच नसे. बाहुली दिली तर ती बाहुलीला घर बांधायची आणि बाहुली बाहेर ठेवायची.

ती तेव्हा दुसरीत होती. रडली नाही. ढिगाजवळ उभी राहून बघत होती, मग वाकली आणि चिखलातून एक पिवळा ठोकळा उचलला. तो तिचा नव्हता, तिच्याकडे पिवळे नव्हतेच. मग आणखी एक उचलला, मग आणखी. त्या ढिगात आमच्या आणि शेजारच्या इमारतींच्या तळमजल्यांचे संसार एकत्र पडले होते, आणि लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात हे ठोकळे असतातच. मी ओरडले, "टाक ते आधी! हात बघ तुझे." समोरची तिथेच सोफ्याचा स्पंज ओढत होती. ती म्हणाली, "घेऊ दे हो वहिनी, टाकायचंच आहे सगळं. आमचेपण घे गं, पिशवीभर आहेत." आणि तिने खरोखरच चिखलाने लडबडलेली एक पिशवी माझ्या मुलीच्या पायाशी रिकामी केली. तिचं हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. पुढे ते कुणालाच आठवेना, म्हणून मी पाठ करून ठेवलं.

मग धुण्याचा कार्यक्रम. गरम पाणी, साबण, फिनेल, जुना टूथब्रश. एकेका ठोकळ्याच्या पोटात चिखल वाळून बसलेला, तो टाचणीने कोरून काढायचा. माझ्या बोटांची सालं निघाली. धुतलेले ठोकळे गच्चीवर कुरडयांच्या प्लास्टिकवर पसरले, आणि पोरगी कावळे हाकलत बसली, जसे काही कावळे ते खाणारच होते. वाळल्यावर तिने ते निवडायला घेतले. मला वाटलं रंगाप्रमाणे लावेल. तिने दाबून दाबून बघितले आणि घट्ट बसणारे एकीकडे, सैल बसणारे दुसरीकडे केले.

कारण हे ठोकळे एका घराण्याचे नसतात. एका कंपनीचा ठोकळा दुसऱ्या कंपनीच्या ठोकळ्यावर एकतर बसत नाही, नाहीतर इतका घट्ट बसतो की दाताने काढावा लागतो, आणि बऱ्याचदा नुसता डोक्यावर टोपीसारखा डुगडुगतो. त्यात मी भर घातली. मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात चेकिंगला आहे. लोंबणारे धागे कापायचे, चेन ओढून बघायची, शिलाई सुटली असेल तर मास्तरांकडे परत टाकायची. तिथल्या बाजारात असले ठोकळे सुटे मिळतात, कुठल्या कुठल्या सेटमधले उरलेसुरले, खोकं नाही, चित्र नाही. त्यातली एक पिशवी मी आणली. घरी येऊन बघते तर निम्मे कशावरच बसत नाहीत. मी वैतागले. पोरगी म्हणाली, "थांब ना आई."

तिने कागद घालून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला. मग माझ्या पर्सला चिकटून आलेली जीन्सची चिंधी दोन ठोकळ्यांच्या मधे घातली आणि दाबलं. हललं नाही. सैल फार असेल तर जीन्सचं जाड कापड, थोडंच सैल असेल तर खिशाच्या अस्तराचं पातळ. हे कुणी शिकवलं नव्हतं तिला. त्यानंतर ती मला संध्याकाळी दारातच विचारायची, "अस्तर आणलंस?" मी शेअर रिक्षात पर्समधून चिंध्या सांडत यायचे. कारखान्यातला मास्तर म्हणाला, "दीदी, गोधडी बना रही हो क्या?" मी म्हटलं, "नहीं मास्टरजी, बिल्डिंग." आणि मला खरंच बरं वाटलं.

दिवाळी आली. आमच्याकडे पोरं दिवाळीत किल्ला करतात, हे काही मी सांगायला नको. दगड-विटा रचायच्या, त्यावर गोणपाट, त्यावर चिखल लिंपायचा, मोहरी पेरायची, वर महाराज बसवायचे आणि पायऱ्यांवर मावळे उभे करायचे. इमारतीची पोरं दरवर्षी पार्किंगच्या कोपऱ्यात करायची. या खेपेला सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला. यंदा आवारात माती आणू नये, पुरानंतर सगळ्यांनी मोठ्या कष्टाने आवार स्वच्छ केले आहे, पुन्हा चिखल नको. त्यावर अंगठ्यांची रांग लागली.

मला राग तिथूनच आला. चिखल काढला तो आम्ही तळमजल्याच्या लोकांनी, आणि चिखलाचा कंटाळा आला तिसऱ्या-चौथ्या मजल्याला! पण सगळ्यात पहिला अंगठा समोरचीचा होता, आणि मला तिचंही कळत होतं. ती पोराच्या बुटाला लागलेली माती बघूनसुद्धा दचकायची. मीही माठाखालची ओल पुसत सुटायचे. पुराने आम्हाला मातीचीच भीती घातली होती. नदीला कुणी बंदी घालू शकत नाही, म्हणून पोरांच्या किल्ल्याला घातली. पोरं दोन दिवस कुरकुरली आणि मोबाईल घेऊन बसली. माझी पोरगी म्हणाली, "मातीशिवाय करते."

जिन्याखाली मीटरच्या पेट्यांच्या शेजारी एक कोपरा आहे. तिथे तिने किल्ला बांधला. शाळेला सुट्टी लागली होती, सकाळी दूध पिऊन जी बसायची ती जेवायला हाक मारली की यायची. तटबंदी गुलाबी, कारण गुलाबी ठोकळे सगळ्यात जास्त. बुरूज निळे, पिवळे, एकात बसच्या खिडक्या, एकात दवाखान्याच्या सेटमधला पांढरा पडदा. तोफेच्या जागी ट्रकची चाकं. एका कठड्यावर मगरीचं डोकं, ते कशासाठी विचारलं तर म्हणाली, "त्याला अंगच सापडलं नाही, म्हणून ते फक्त बघतं." मोठा दरवाजा हिरवा, कमानीचा, उघडझाप होणारा, समोरचीच्या पिशवीतून आलेला. महाराज बाजारातून आणले, मातीचे. तेवढ्या मातीला काकांची हरकत नव्हती.

पण खाली किल्ला मोकळा होता. नुसते खांब, चारी बाजूंनी उघडे, आणि खांबांवर सगळा किल्ला उचललेला. मला वाटलं ठोकळे कमी पडले. मी विचारलं, "खाली भिंती नाही घातल्यास?"

"खाली कुणी राहत नाही."

"मग मावळे?"

"सगळे वरच राहतात. पाणी आलं की खालून जातं. जिना आतून आहे."

किल्ल्याला तळमजलाच ठेवला नव्हता तिने. मी तिच्या बापाला बोलावून दाखवलं. तो अंबरनाथ एमआयडीसीत मशीनवर आहे, शिफ्टवरून आलेला, डोळे लाल. जिन्याखाली गुडघ्यावर बसून त्याने तो किल्ला खालून, वरून, मागून बघितला, खांब बोटाने ढकलून पाहिले. हलले नाहीत, चिंध्या घातल्या होत्या. "इंजिनिअर आहेस तू," तो म्हणाला. ती म्हणाली, "महाराजांचा इंजिनिअर."

पाडव्याला सगळी इमारत बघायला आली. फोटो निघाले, ग्रुपवर पडले, काकांनी टाळ्यांचे हात टाकले. काकू फराळाचं ताट घेऊन खाली आल्या आणि महाराजांपुढे करंजी ठेवून गेल्या. माझी पोरगी प्रत्येकाला जिना आतून कसा आहे ते दाखवत होती. मी दारात उभी राहून बघत होते. आपलं पोर असं फुलून आलेलं आईबापाला रोज बघायला मिळत नाही.

आणि समोरचीच्या मुलाने हिरवा दरवाजा ओळखला. "मम्मी, हा माझ्या सेटचा आहे!"

तो बिचारा लहान, त्याच्यावर माझा राग नाही. राग त्याच्या आईवर आहे. ती मला म्हणाली, "वहिनी, तेवढा दरवाजा काढून द्या ना. त्याचं खोकं माळ्यावर राहिलं होतं, निम्मे ब्लॉक्स आहेत त्यात. दरवाज्यावाचून चित्रातल्यासारखं होत नाहीये."

मी म्हटलं, "अगं, तूच ओतलीस ना ती पिशवी? टाकायचंच आहे म्हणालीस."

"तेव्हा म्हटलं हो. तेव्हा डोकं ठिकाणावर होतं का कुणाचं?"

ठीक आहे, नव्हतं. पण मग माझ्या पोरीचंच तेवढं ठिकाणावर होतं, आणि त्याची शिक्षा तिला? ते खोकं तिच्या माळ्यावर चार महिने पडून होतं. त्या चार महिन्यांत तिच्या मुलाने त्यातून एक भिंतसुद्धा बांधली नाही, कारण चित्रातला दरवाजा हिरवा आणि हिरवा दरवाजा नाही! आपण पोरांच्या हातात चित्र देतो आणि सांगतो, अगदी असंच कर. मग एक तुकडा हरवला की सगळंच थांबतं. माझ्या पोरीकडे चित्र नव्हतं म्हणून तिचं कुठे अडलं नाही. हे मी समोरचीला सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं असेल. तिला वाटलं मी तिच्या मुलाला ढ म्हणतेय.

मग बाकीच्यांना कंठ फुटला. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, पांढरा पडदा आमचा दिसतोय. तिसऱ्या मजल्यावर एक शिकवणी घेणारी मॅडम आहे, ती म्हणाली, निळे आमचे वाटतात.

"वाटतात?" मी विचारलं.

"असेच होते आमच्याकडे."

"मॅडम, तुमच्या घरात पाणी आलंच नव्हतं."

"मुलं खाली खेळायला आणायची ना. राहिले असतील."

म्हणजे यांच्या घरात थेंब शिरला नाही, आणि यांचे ठोकळे मात्र पुरात वाहून माझ्या दारात आले! पोरीने घाणीतून उचलायचे, मी बोटं सोलून धुवायचे आणि हे आयत्या बिळावरचे नागोबा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "त्या दिवशी ढिगाजवळ नाक दाबून पळत होतात. तेव्हा नाही ओळखले ते?" मॅडम म्हणाली, "तुम्ही भांडायलाच बसलाय." मी म्हटलं, "बसले नाही, उभीच आहे."

काकांनी तोडगा काढला. त्यांना तोडगे काढायला फार आवडतं. ग्रुपवर मेसेज आला. किल्ला सुंदर झाला आहे, कौतुक आहे, मात्र त्यातील खेळणी अनेकांची आहेत असे समजते, तरी भाऊबीज झाल्यावर ज्यांनी त्यांनी आपापली ओळखून घ्यावीत, लहान मुलांच्या गोष्टीवरून मोठ्यांनी वाद करू नये. पुन्हा अंगठे. एक अंगठा काकूंचा. काकूंना ग्रुपवर काय चाललंय ते नीट कळत नाही, त्या सगळ्यांनाच अंगठा देतात, हे मला माहीत आहे. तरी तो मला लागला.

मी काकांच्या दारात गेले. म्हटलं, "काका, ठोकळे टाकलेले होते. कचऱ्याच्या गाडीत गेले असते तर आज कोण ओळखायला गेलं असतं?"

काका म्हणाले, "तुमचं बरोबर आहे वहिनी. पण सगळ्यांना धरून चालावं लागतं."

"सगळ्यांना म्हणजे? आम्ही त्यात येतो का?"

"असं कसं बोलता? पुरात कुणी तुम्हाला वेगळं समजलं का?"

त्यांनी हे अगदी मनापासून विचारलं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खाली आले ती धुमसतच आले, आणि स्वयंपाकघरात नवऱ्यावर फुटले. मी म्हटलं, मी एक ठोकळा देणार नाही. कुणी हात लावला तर हात मोडून ठेवीन. उद्यापासून या लोकांशी बोलणं बंद.

तो चहा गाळत होता. म्हणाला, "अगं, प्लास्टिकचे तुकडे आहेत. देऊन टाकू. मी तिला नवीन सेट आणतो."

"तिला सेट नकोय. तुम्हाला कळतंय का? तिने काहीतरी केलंय, आणि ते हे लोक तिच्यासमोर तोडून नेणार आहेत."

"कळतंय."

"मग बोला ना जाऊन! तुमची पण पोरगी आहे."

त्याने गाळणं खाली ठेवलं. "बोलेन. भांडेनसुद्धा. आणि पुढच्या पावसात कुणाच्या घरी चढायचं?"

मी कप पुढे सरकवले. तो म्हणाला, "काकांशी भांडायचं, मॅडमशी भांडायचं, समोरचीशी भांडायचं. काकू कुणाच्या बाजूने राहतील? त्यांनी दार लावून घेतलं तर पोरीला घेऊन कुठे जाशील तू?"

"स्टेशनवर राहीन," मी म्हटलं. पण ते नुसतं उचलली जीभ लावली टाळ्याला. मी राहणार नव्हते, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तळमजल्याच्या माणसाला सगळं परवडतं, वरच्या माणसाशी भांडण परवडत नाही. माझा सगळा राग त्या चहाच्या भांड्यापाशी येऊन अडला. पुराबद्दल एवढा राग मला कधी आला नव्हता. पूर घर नेतो हे मला माहीत होतं. तो तोंडही नेतो, हे त्या दिवशी समजलं. हॉलमध्ये टीव्ही चालू होता, पोरगी टीव्ही बघत होती. निदान मला तसं वाटलं.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाला, मी कामाला गेले. दिवसभर एकच विचार, आज हे लोक किल्ल्याजवळ जमणार आणि मी तिथे नसणार. एक चांगली पँट मी शिलाई सुटली म्हणून परत टाकली आणि मास्तरचं बोलणं खाल्लं. घरी येताना रिक्षात बसल्या बसल्या कुणाला काय बोलायचं ते मनात घोकत होते. नवऱ्याने सांगितलेलं सगळं पटलं होतं, तरी घोकत होते. माझा स्वभाव आहे तो.

जिन्याखाली किल्ला नव्हता. कोपरा स्वच्छ होता. पोरगी छोट्या केरसुणीने तिथली फरशी झाडत होती, आणि महाराज बाजूला एका पायरीवर ठेवले होते, खाली रुमाल घालून.

माझं डोकं फिरलं. "कोण आलं होतं? कुणी तोडला? नाव सांग."

"कुणी नाही. मीच काढला."

"तू का काढलास?"

"सगळ्यांचे सगळ्यांना देऊन आले," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. उलट एखादं काम उरकल्याचा आवाज होता, आम्ही बायका सण झाल्यावर जशा बोलतो तसा. "दरवाजा समोर दिला. मॅडमना निळे दिले. त्या म्हणाल्या थोडे कमी आहेत, मग मी पिवळेपण दिले. पडदा दुसऱ्या मजल्यावर दिला. काकांकडे कुणी लहान नाही, तर त्यांना मगर दिली. चिंध्या सगळ्या काढून दिल्या, नाहीतर त्यांना बसवता आले नसते."

"आणि तुझे? बाजारातून आणलेले होते ना तुझे?"

"तेपण दिले. कुणाचे कुठले ते कळत नव्हतं. कमी पडले तर रागावतील ना."

मी तिथेच पायरीवर बसले. पर्स खांद्यालाच होती. ती केरसुणी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, आणि तिने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगितली.

"काकूंचा त्यात एकपण नव्हता. पण सगळ्यात उंच बुरूज मी त्यांना दिला. अख्खा, न सोडता. आपण त्यांच्याकडेच जातो ना." आणि मग विचारलं, "आता पाऊस आला की वर घेतील ना आई?"

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तिला जवळ घेतलं, तर ती म्हणाली, सोड, अजून झाडायचं राहिलंय.

त्यानंतर तिने ठोकळ्यांना हात लावलेला नाही. बापाने सेट आणून दिला, तो तिने एकदा चित्रातल्यासारखा केला, खोक्यात भरला आणि खोकं माळ्यावर ठेवायला सांगितलं. समोरचीच्या मुलाचा सेट पुरा झाला म्हणे. मॅडमच्या दाराबाहेर चपलांच्या स्टँडखाली माझ्या पोरीचे पिवळे ठोकळे परवापर्यंत पिशवीत तसेच बांधलेले होते. मी येता-जाता ती पिशवी बघते आणि माझे हात शिवशिवतात.

बुरूज काकूंनी शोकेसमध्ये ठेवलाय, चांदीच्या गणपतीशेजारी. आल्यागेल्याला दाखवतात. सांगतात, खालच्या पोरीने किती प्रेमाने दिला बघा, आजकाल कोण एवढा जीव लावतं. परवा मी तिथेच बसले होते तेव्हाही त्यांनी एका पाहुणीला हेच सांगितलं, आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्या मनाने चांगल्या आहेत. मी त्यांना सांगू शकले असते की ते प्रेम नव्हतं, आठ वर्षांच्या पोरीने पावसाळ्याची केलेली सोय होती. तोंडापर्यंत आलं होतं. पण मीही हसले आणि चहा प्यायले. जून जवळ आलाय.